वर हिरवं, खाली काळं: ठाण्याच्या तलावांतला ऑक्सिजन आणि तळाशी अडकलेला नायट्रोजन

दुपारी दोनला घाटाच्या पायरीवरून ऑक्सिजन मोजायचा मीटर पाण्यात सोडला, तर हिरव्यागार तलावात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १० मिलिग्रॅम, कधी १२ सुद्धा दिसतो. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून विरघळून मावतो तो साधारण ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे हा आकडा शंभर टक्क्यांच्याही वर गेला. शेवाळाने दिवसभर केलेल्या प्रकाशसंश्लेषणाचा तो ऑक्सिजन. कागदावर पाणी उत्तम ठरतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच तलावात चिलापी तोंड वर काढून श्वासासाठी धडपडताना दिसतात. मीटर खोटं बोललेला नसतो. तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या खोलीवर धरलेला असतो.

मासुंदा, उपवन, कचराळी, सिद्धेश्वर, रायलादेवी, आंबेघोसाळे. ठाण्यातले हे तलाव उथळ आहेत, म्हणून इथे पाण्याचे थर बनतच नाहीत असं बरेच जण धरून चालतात. थर म्हणजे भातसा किंवा मोरबेसारख्या खोल धरणांचा विषय, असा समज. तो चुकीचा का, हे पाण्याच्या घनतेवरून कळतं. पाणी ४ अंशांवरून ५ वर गेलं तर घनमीटरमागे घनता जेमतेम ०.००८ किलोने कमी होते. २९ वरून ३० वर गेलं तर ०.३० किलोने. एका अंशाचा फरक आपल्या तापमानाला पस्तीस पटींहून जास्त काम करतो. त्यामुळे वरचं पाणी ३२ आणि तळाचं २९ अंश असलं, की अडीच मीटरच्या तलावातही वरचा थर खालच्यावर पक्का बसतो आणि मंद वाऱ्याला तो मोडता येत नाही. भोवती उंच इमारती असल्या तर वाराही पोचत नाही.

त्यात पाणी हिरवं असेल तर ऊन वरच्या अर्ध्या मीटरमध्येच शोषलं जातं. तिथलं पाणी तापतं, खाली अंधार. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेकी तबकडी दोरीने सोडली आणि ३० सेंटिमीटरवर ती दिसेनाशी झाली, तर साधारण त्याच्या दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंतच प्रकाशसंश्लेषण चालतं असं समजावं. त्याखाली ऑक्सिजन तयार होत नाही, फक्त खर्च होतो.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५-१८ अंशांवर उतरतो, तेव्हा वरचं पाणी गार होऊन बुडतं आणि तलाव रात्रीतून वरखाली ढवळला जातो. मे महिन्यात दमट रात्री ही गारठण पुरेशी होत नाही. थर कित्येक दिवस तसाच राहतो, आणि तळाचा हिशेब बिघडतो तो या दिवसांत.

आता नायट्रोजन. तलावात तो येतो सांडपाण्यातून, निर्माल्यातून, माशांना टाकलेल्या पावातून, मेलेल्या शेवाळातून. प्रथिनं कुजली की अमोनिया सुटतो, आणि या पायरीला ऑक्सिजन असला काय, नसला काय, फरक पडत नाही. पुढच्या पायरीला पडतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटचं नायट्रेट करतात. या नायट्रिफिकेशनला १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. गणित करून बघा: पाण्यात ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन पूर्ण भरलेला असला, तरी लिटरमागे अवघा १.६ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तो सगळा संपवू शकतो. दुसरं काहीही कुजत नाही असं धरून.

तिसरी पायरी, डीनायट्रिफिकेशन, उलट आहे. नायट्रेटपासून नायट्रोजन वायू करणारे जिवाणू ऑक्सिजन जवळपास संपला, साधारण अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली गेला, तरच कामाला लागतात. नायट्रेट, नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू. हा वायू हवेत निघून जातो. गाळ उपसणं, जलपर्णी काढणं किंवा पाणी वाहून जाणं सोडलं, तर नायट्रोजन तलावाबाहेर पडण्याचा हाच मोठा दरवाजा.

म्हणून तलावाला ऑक्सिजन असलेली जागा आणि नसलेली जागा दोन्ही लागतात, आणि त्या एकमेकींना खेटून लागतात. निरोगी तलावात हे काम गाळाच्या वरच्या पापुद्र्यात होतं. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो गाळात काही मिलिमीटरच शिरतो. तेवढ्याशा तांबूस-तपकिरी पापुद्र्यात अमोनियाचं नायट्रेट होतं, ते थोडं खाली झिरपतं, आणि खालच्या काळ्या भागात त्याचा वायू होतो. कायरोनोमिड माशीच्या लाल अळ्या गाळात नळीसारखी बिळं करून पाणी आत ओढतात, त्यामुळे हा पापुद्रा बिळाच्या भिंतीभर पसरतो. अळ्या लाल असतात त्या हिमोग्लोबिनमुळे, कमी ऑक्सिजनमध्ये तग धरायची त्यांची ती सोय. गाळाच्या नमुन्यात त्या सापडल्या तर तळ अजून पुरता मेलेला नाही.

थर पक्का झाला की पहिला बळी या पापुद्र्याचा जातो. तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, पापुद्रा काळा पडतो, नायट्रेट बनणं थांबतं. जे थोडं नायट्रेट शिल्लक असतं ते लगेच वापरलं जातं. नंतर वायू करणाऱ्या जिवाणूंना जागा भरपूर, कुजणारं अन्न भरपूर, पण नायट्रेटच नाही. अमोनिया मात्र गाळातून सुटत राहतो आणि तळाशी साचतो. 'ऑक्सिजन नाही म्हणजे डीनायट्रिफिकेशन जोरात' हा तर्क म्हणूनच फसवा आहे. पुरवठा वरच्या पायरीवर तुटलेला असतो.

पुढे गाळाला सडक्या अंड्याचा वास येऊ लागला की गोष्ट आणखी बिघडते. तो हायड्रोजन सल्फाइड. तो नायट्रिफिकेशन करणाऱ्यांना विषारी आहे, नायट्रस ऑक्साइडचं नायट्रोजन वायूत रूपांतर करणारी शेवटची पायरीही तो अडवतो, आणि अशा गाळात नायट्रेट उलट फिरून पुन्हा अमोनिया होण्याचं प्रमाण वाढतं. मधेच निसटलेला नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. याच गाळात लोहाला चिकटलेलं फॉस्फरसही ऑक्सिजन गेल्यावर सुटतं. तळातून अमोनिया आणि फॉस्फरस दोन्ही मिळालं की मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या शेवाळाला आणखी काही नको. त्याच्या पेशींत हवेचे सूक्ष्म कप्पे असतात, त्यामुळे ते वर तरंगून उजेड अडवतं आणि थर आणखी पक्का करतं.

माशांच्या बाजूने पाहिलं तर दिवसाचे दोन धोके वेगवेगळे आहेत. पहाटे ऑक्सिजन नीचांकी असतो. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून वरच्या थराचा सामू ९ पर्यंत किंवा त्याही वर चढतो, आणि तिथे अमोनिया घातक होतो. ३० अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियातला ०.८ टक्का मुक्त म्हणजे विषारी रूपात असतो, सामू ८ ला ७.४ टक्के, ९ ला ४४ टक्के. एकूण अमोनिया-नायट्रोजन लिटरला १ मिलिग्रॅम असला, तर सकाळी निर्धास्त वाटणारं तेच पाणी दुपारी ०.४४ मिलिग्रॅम मुक्त अमोनियाचं होतं. मत्स्यपालनात ०.०५ च्या वर गेलं की सावध होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'ड' वर्गाची, म्हणजे मत्स्यजीवनासाठीच्या पाण्याची मर्यादा १.२ मिलिग्रॅम मुक्त अमोनियाची आहे. ती पाळली म्हणून मासे सुरक्षित असं मी मुळीच मानणार नाही. त्याच वर्गात ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम हवा असं म्हटलं आहे, पण तो कुठल्या खोलीवर आणि किती वाजता मोजला, यावर सगळं अवलंबून. मेलेल्या माशाचे कल्ले उघडून जरूर पाहावेत. ते चॉकलेटी-तपकिरी असतील तर संशय नायट्राइटवर घ्यावा. अर्धवट ऑक्सिजनमध्ये अमोनियाचं नायट्राइट होत राहतं, त्याचं नायट्रेट होणं रेंगाळतं, आणि नायट्राइट साचतं.

मोजायचं कसं, हे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

जागा काठावरची नको, सगळ्यात खोल भागातली हवी. होडी दोन टोकांना दोन नांगर टाकून स्थिर करा. एका नांगरावर होडी फिरते आणि तळ ढवळते. नांगर मोजायच्या जागेपासून चार-पाच मीटर लांब पडू द्या. मीटरच्या केबलवर दर अर्ध्या मीटरला रंगीत चिकटपट्टी लावा. पहिली नोंद पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटरवर, मग दर अर्ध्या मीटरला, शेवटची तळापासून २० ते ३० सेंटिमीटर वर. सेन्सर गाळाला टेकला तर वाचन शून्याकडे जातं आणि ते तळाच्या पाण्याचं नसतं. प्रत्येक खोलीवर आकडा स्थिरावेपर्यंत, साधारण दोन मिनिटं थांबा. तापमान प्रत्येक वेळी लिहा. थर कुठे आहे ते ऑक्सिजनच्या आधी तापमान सांगतं. जुन्या पडद्याच्या सेन्सरला वाहतं पाणी लागतं, म्हणून केबल हळूहळू वरखाली करत राहावी लागते, आणि हायड्रोजन सल्फाइड असलेल्या पाण्यात तो सेन्सर बिघडतो. प्रकाशीय सेन्सरला ही अडचण नाही. कॅलिब्रेशन ओल्या हवेत, रोज, होडीत बसण्यापूर्वी.

वेळा दोन: सूर्योदयापूर्वी, आणि दुपारी दोन ते तीन. एकच शक्य असेल तर पहाटेचीच घ्या. नुसत्या दुपारच्या नोंदींवर तलावाबद्दल मत बनवू नये.

मीटर नसेल तर रसायनांनी ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत आजही भरवशाची आहे. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बीओडी बाटली बुडबुडा न राहता भरायची. नुसती बाटली बुडवून भरली तर गुडगुड करत हवा मिसळते आणि शून्याच्या पाण्यातही दोन-तीन मिलिग्रॅम दिसतात. त्यासाठी वजन बांधलेल्या मोठ्या भांड्यात ही छोटी बाटली ठेवतात. पाणी नळीने छोटीच्या तळाशी शिरतं, ती ओसंडून मोठं भांडं भरतं, त्यामुळे छोटीतलं पाणी दोन-तीनदा बदलून जातं. मग १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून उलटसुलट करा. साका तपकिरी पडला तर ऑक्सिजन आहे, आणि पांढरा राहिला तर नाही. ठाण्याच्या उन्हाळ्यात एकाच तलावातल्या अर्धा मीटर आणि दोन मीटरच्या बाटल्या शेजारी ठेवल्या, एक गडद तपकिरी आणि एक दुधाळ पांढरी, की थर म्हणजे काय ते शाळेतल्या मुलांनाही वेगळं सांगावं लागत नाही. साका बसल्यावर १ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल, मग २०१ मिलिलिटर पाणी ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, शेवटाला स्टार्च. जितके मिलिलिटर थायोसल्फेट, लिटरला तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन. अझाइड विसरू नका. पाण्यातलं नायट्राइट आयोडीन सुटं करतं, आकडा फुगवतं आणि शेवटाला निळा रंग परत परत उमटत राहतो.

अमोनिया-नायट्रेटच्या नमुन्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. मत्स्यपेटीची ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची ५ मीटर नळी वजनाच्या दोरीला बांधा आणि वर ६० मिलिलिटरची सिरिंज लावा. नळीतच सुमारे ६३ मिलिलिटर पाणी असतं, म्हणून पहिल्या दोन सिरिंज फेकून तिसरी ठेवा. तळाचं पाणी लगेच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी तपासा. रंगाच्या किटला तळाच्या पाण्यातलं लोह आणि सल्फाइड त्रास देतात, आणि अमोनिया जास्त असेल तर रंग पट्टीबाहेर जातो. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात दहापट पातळ करूनही एक चाचणी घ्या. अहवाल वाचताना एकक नीट पाहा. एक प्रयोगशाळा 'अमोनिया' लिहिते, दुसरी 'अमोनिया-नायट्रोजन'. नायट्रोजनच्या आकड्याला अमोनियासाठी १.२२ ने आणि नायट्रेटसाठी ४.४३ ने गुणायचं असतं. नायट्रेटमध्ये ही चूक झाली तर चौपटीहून जास्त फरक पडतो.

आकडे हाती आले की तळ काय म्हणतो ते कळतं. खाली अमोनिया भरपूर आणि नायट्रेट शून्य, तर नायट्रिफिकेशन बंद आहे. मधल्या खोलीवर नायट्रेटचा फुगवटा आणि त्याखाली शून्य, तर थराच्या सीमेवर नायट्रिफिकेशन आणि डीनायट्रिफिकेशन दोन्ही चालू आहेत. ही स्थिती त्यातल्या त्यात बरी. वरखाली सगळीकडे नायट्रेट चढं असेल तर ते बहुधा बाहेरून येतंय, नाल्यांचे मार्ग शोधा.

उपायांत सगळ्यात लोकप्रिय कारंजं. ते दिसतं छान, पण पंप वरचंच पाणी उचलून वरच टाकत असेल तर आधीच ऑक्सिजन असलेल्या थरालाच तो पुन्हा मिळतो. तळाला काही पोचत नाही. तळाशी ठेवलेले डिफ्युझर, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारी तोंडं, वेगळे: बारीक बुडबुड्यांतून मीटरमागे पाच-सहा टक्केच ऑक्सिजन पाण्यात उतरतो, पण बुडबुड्यांबरोबर तळाचं पाणी वर खेचलं जातं आणि थर मोडतो. त्यांचा खरा उपयोग हा.

किती हवा लागेल? समजा तलाव २ हेक्टरचा, सरासरी खोली अडीच मीटर. पाणी झालं ५०,००० घनमीटर. अमोनिया-नायट्रोजन लिटरला ३ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १५० किलो. त्याला ऑक्सिजन लागेल ६८५ किलो. शिवाय गाळ रोज चौरस मीटरमागे १ ते ३ ग्रॅम खातो असं धरलं तर रोजचे २० ते ६० किलो वेगळे. प्रत्यक्षात एका युनिट विजेमागे १ किलो ऑक्सिजन मिळाला तरी चांगलं. म्हणजे संध्याकाळी फिरायला आलेल्यांसाठी दोन तास यंत्र लावून तळ सुधारत नाही. रात्री दहा ते सकाळी सात ही वेळ मला योग्य वाटते, दिवसा शेवाळ वरचं काम करतंच. हवा दिली तर डीनायट्रिफिकेशन थांबेल ही भीती नको. गाळात काही मिलिमीटर खाली ऑक्सिजन नसतोच.

पण यंत्र पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लावलं तर तळचं अमोनियाचं, सल्फाइडचं पाणी एकदम वर येतं आणि मासे मरतात ते उपायामुळे. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, मग दोन, चार, आठ. सुरुवातीचे हे तास सकाळी नऊ-दहाला ठेवा: ऑक्सिजन चढायला लागलेला असतो आणि सामू अजून ९ कडे गेलेला नसतो. हवा सुरू झाल्यावर अमोनिया लगेच उतरत नाही. नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू दुप्पट व्हायला एक दिवस किंवा जास्त घेतात, उन्हाने मंदावतात आणि चिकटायला जागा शोधतात. त्यांना क्षारताही (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद) लागते, १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७.१४ मिलिग्रॅम. जिवाणूंच्या पावडरी विकणारे याबद्दल बोलत नाहीत. ऑक्सिजन आणि क्षारता नसलेल्या तळावर पावडर टाकणं म्हणजे पैसे गाळात घालणं.

जलपर्णी काढून काठावरच कुजवली तर तिचा नायट्रोजन पहिल्या पावसात परत आत येतो. फवारून मारली तर ती तळाशी जाऊन ऑक्सिजन खाते. निर्माल्याचं तसंच. आठ-दहा किलो ओल्या फुलांत साधारण १ किलो कोरडा भाग असतो. तो पूर्ण कुजायला १ किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे सुमारे १४० घनमीटर पाण्यातला सगळा. ठाण्यात विसर्जनासाठी कृत्रिम तलाव केले जातात, त्याचं मोल मूर्तींच्या मातीइतकंच या फुलांच्या हिशेबातही आहे.

नवी मुंबईतल्या सिडकोच्या होल्डिंग पाँडना, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांना, हे सगळं तसंच्या तसं लावू नये. तिथे खाडीचं खारं पाणी येतं. समुद्राच्या आणि गोड्या पाण्याच्या घनतेत घनमीटरमागे सुमारे २५ किलोचा फरक, त्यामुळे पावसाचं पाणी वर तरंगतं आणि थर तापमानाच्या थरापेक्षा कितीतरी पक्का होतो. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजनही कमी मावतो, पूर्ण समुद्री खारटपणाला ३० अंशांवर ६.२ मिलिग्रॅमच्या आसपास. मीटरमध्ये खारटपणा भरला नाही तर तो गोड्या पाण्याचा आकडा दाखवत राहतो. आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं, म्हणून तळाशी सल्फाइड लवकर तयार होतं आणि नायट्रेट अमोनियाकडे परत फिरतं. तिथे झडपा नीट चालवून भरती-ओहोटीचं पाणी खेळतं ठेवणं, हा कुठल्याही डिफ्युझरपेक्षा मोठा उपाय.

वर्षातला सगळ्यात धोक्याचा आठवडा जूनच्या पहिल्या जोरदार सरींचा. रस्त्यांवरची महिन्यांची घाण एकदम आत येते, आभाळामुळे शेवाळाचा ऑक्सिजन बंद होतो, आणि पावसाचं गार पाणी तापलेल्या पाण्याखाली शिरून मेभर साचलेला तळ वर ढकलतो. म्हणून डिफ्युझर मेच्या मध्यापासूनच थोडे थोडे वाढवत पूर्ण वेळेवर आणावेत, पावसाची वाट पाहू नये. पहिल्या सरींनंतर रोज पहाटे पाचला अर्ध्या मीटरवर ऑक्सिजन मोजा. तो २ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर यंत्र दिवसरात्र चालू ठेवा, माशांना खाणं बंद करा, आणि शेवाळ मारायला मोरचूद टाकायची सूचना कोणी केली तर ती त्या आठवड्यात अजिबात मान्य करू नका. मेलेलं शेवाळ कुजायलाही तोच ऑक्सिजन लागतो.